जोधपूर, जैसलमेर, बिकानेर : कोल्हापूरहून वाळवंटातली जुनी शहरं निवांत कशी बघायची

आपल्या कोल्हापुरातनं राजस्थानला जाणारी बहुतेक मंडळी ट्रॅव्हल्सच्या पॅकेजमध्ये जातात आणि जयपूर, अजमेर, उदयपूर, जोधपूर, जैसलमेर असं सगळं एका दमात उरकून येतात. परत आल्यावर विचारलं की शीशमहाल नेमका कुठल्या किल्ल्यात होता, तर घरातल्या तिघांची तीन उत्तरं येतात. म्हणून माझा आग्रह आहे की पहिल्या खेपेला जयपूर-उदयपूर बाजूला ठेवा आणि फक्त थरच्या वाळवंटाच्या पट्ट्यातली ही तीन शहरं धरा. आणि कुठंही गेलात तरी गाईडला एक प्रश्न विचारायचाच, इथं पाणी कुठनं यायचं?

आपल्याला हा प्रश्न सहसा सुचत नाही, कारण पंचगंगा जवळ, रंकाळा फिरायला, आणि गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस. जैसलमेरला वर्षभरात साधारण २०० मिलिमीटर पडतो, तोही दरवर्षी पडेल याची खात्री नाही. एवढ्या पाण्यावर लोकांनी शहरं वसवली, शतकानुशतकं टिकवली, दगडाला जाळी पाडत बसायची उसंत काढली. हे डोक्यात ठेवून बघितलं की तिथला प्रत्येक तलाव आणि बावडी (पायऱ्यांची विहीर) किल्ल्याइतकीच महत्त्वाची वाटायला लागते.

कधी जायचं

ऑक्टोबर अखेर ते मार्चचा पहिला आठवडा, बस्स. मे महिन्याच्या सुट्टीत स्वस्त पॅकेज मिळतंय म्हणून अजिबात जाऊ नका. जोधपूर-जैसलमेरच्या मध्ये फलोदी म्हणून गाव आहे, तिथं मे २०१६ मध्ये ५१ अंश तापमान नोंदवलं गेलंय, पोराबाळांना घेऊन हिंडायचा तो सीझनच नाही.

दिवाळीचा आठवडा आणि नाताळ ते नवीन वर्ष हे दिवस पण टाळता आले तर बघा. दिवाळीला गुजरातची गर्दी जैसलमेरात लोटते, हॉटेलचे दर चढतात आणि किल्ल्याच्या बोळातनं चालायला जागा राहत नाही. शाळेचं गणित जमत असेल तर संक्रांतीनंतरचे दोनतीन आठवडे लई भारी. माघ पौर्णिमेच्या आसपास जैसलमेरला मरू महोत्सव असतो, तो हवा असेल तर पंचांग बघून तारखा धरा, पण मग हॉटेल खूप आधी बुक करायला लागतं.

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत दुपारी टीशर्टवर फिरता येतं आणि पहाटे पारा ५-६ अंशांपर्यंत येतो. आपल्याकडच्या थंडीचा एक स्वेटर तिथं पुरत नाही, वाळूवर रात्री बसायचं असेल तर कानटोपी, मोजे, जाड जॅकेट सगळं लागतं.

जायचं कसं

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मुंबई, आणि तिथनं वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूर, हा मार्ग सगळ्यात सरळ. मधे काही तासांची गॅप ठेवाच, आपली गाडी लेट झाली तर टॅक्सीत बसून घड्याळाकडं बघत बसायची पाळी नको. दुसरा पर्याय मिरजेचा. बेंगळुरूहून मिरज-पुणे मार्गे जोधपूरला जाणारी गाडी आहे, ती रोज नसते आणि वेळ बराच खाते, पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर मुंबईत सामान घेऊन स्टेशन बदलायचा ताप वाचतो. विमानानं जायचं तर मुंबई-जोधपूर.

रेल्वेचं आगाऊ बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. त्यामुळं तारीख ठरली की कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी सकाळी आठलाच बसा. जाताना जोधपूर आणि येताना बिकानेर अशी तिकिटं काढायची, म्हणजे तोच रस्ता दोनदा तुडवायला लागत नाही.

दिवसांचं गणित : जोधपूरला दोन पूर्ण दिवस, जैसलमेरला तीन, बिकानेरला दोन. शहरांमधला आणि जाण्यायेण्याचा प्रवास धरला की दहाअकरा दिवस जातात. एवढी रजा नसेल तर बिकानेर सोडा, पण जैसलमेरचा दिवस कापू नका.

आणि निघायच्या आधी एखाद्या रविवारी आपला न्यू पॅलेस नीट बघून घ्या. १८८४ सालची ती इमारत, मेजर मांटनं आराखडा केलेली, तिच्यात राजस्थान-गुजरातकडच्या बांधकामाच्या खुणा आहेत. आपण रोज बाजूनं गाडी मारतो आणि मान वर करून बघत नाही. तिथली नक्षी डोळ्यात ठेवून गेलात तर पुढं बघायला मजा येते.

जोधपूर : किल्ला सकाळी, गाव संध्याकाळी

राव जोधानं १४५९ मध्ये शहर वसवलं आणि मेहरानगडाचा पाया घातला. गड शहराच्या वर सव्वाशे मीटरभर उंच कातळावर उभा आहे आणि खालनं बघताना कातळ कुठं संपला आणि भिंत कुठं सुरू झाली ते पटकन कळत नाही. सकाळी उघडतो त्या वेळेलाच दारात हजर राहा. अकरानंतर बसच्या बस येतात आणि महालांच्या अरुंद जिन्यांवर रांग लागते.

वर जायला लिफ्ट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी ती जरूर घ्यावी. बाकीच्यांनी मात्र चालतच जावा, कारण या गडाची खरी अक्कल दरवाज्यांच्या वाटेत आहे. जयपोळ (पोळ म्हणजे दरवाजा) जोधपूरच्या महाराजा मानसिंहांनी १८०६ मध्ये बांधली. पुढं एका दरवाज्याजवळच्या भिंतीवर जयपूरच्या फौजेच्या तोफगोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. चढ असा वळवत नेलाय की हत्तीला धावत येऊन दरवाज्याला धडक देताच येऊ नये. पन्हाळ्याचा तीन दरवाजा बघितलेल्या माणसाला हे लगेच समजतं.

लोहापोळीशी थांबा. आत शिरताना भिंतीवर हातांच्या ठशांची रांग आहे, शेंदूर लावलेली. १८४३ मध्ये मानसिंह गेल्यावर सती गेलेल्या राण्यांचे हे ठसे. लहान आहेत ते हात, आपला पंजा जवळ धरला तर कळतं. लोक पटकन सेल्फी काढून पुढं जातात, मला ते बघवत नाही. पोरी बरोबर असतील तर त्यांना तिथं उभं करून हे काय आहे ते सांगा, सती कशाला म्हणायचे, ते कसं बंद झालं, सगळं सांगा.

आत फूलमहाल, मोतीमहाल, तख्तविलास, पालख्या, हत्तीचे हौदे, पाळणे, लघुचित्रं असं भरपूर आहे. ऑडिओ गाईड घ्या, हिंदीत मिळतो आणि चांगला आहे. तटावर तोफा ठेवलेल्या आहेत तिथनं खाली ब्रह्मपुरीची निळी घरं दिसतात. निळा रंग का, तर कुणी म्हणतं ब्राह्मणांची वस्ती, कुणी म्हणतं उन्हाला थंड, कुणी म्हणतं वाळवी लागत नाही. प्रत्येक गाईडचं उत्तर वेगळं, ऐकून घ्यायचं.

आणि आता पाणी. गडाच्या पायथ्याला राणीसर आणि पद्मसर असे दोन तलाव आहेत, ते वरनं शोधा. पावसाचा थेंब न थेंब खडकावरनं वळवून या तलावांत आणायची व्यवस्था केलेली होती. दुपारी ऊन असताना हॉटेलवर विश्रांती घ्या आणि चारनंतर घंटाघराच्या बाजूला तूरजी का झालरा या बावडीवर जा. १७४० च्या दशकात महाराजा अभयसिंहांच्या राणीनं बांधलेली. बरीच वर्षं ती कचऱ्यानं आणि घाण पाण्यानं भरलेली होती, अलीकडं साफ केली तेव्हा आतला तांबूस दगड आणि कोरीव काम वर आलं. पायऱ्या अशा रचल्यात की पाणी कितीही खाली गेलं तरी घागर घेऊन उतरता यावं. तिथली तरणी पोरं वरनं उड्या मारतात, आपण नाही मारायच्या, खोली प्रचंड आहे.

जसवंत थडा (महाराजा जसवंतसिंहांचं स्मारक, १८९९, पांढरा संगमरवर) किल्ल्यावरनं उतरताना अर्ध्या तासात होतो. उमेदभवन मात्र आतून फार थोडा बघायला मिळतो, कारण बराचसा हॉटेल आणि राजघराण्याकडं आहे, एक भाग म्युझियम म्हणून उघडा आहे. तरी जावा, कारण त्याची गोष्ट वेगळी आहे. १९२९ ला काम सुरू झालं ते दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून, आणि १९४३ पर्यंत चाललं. आपल्या शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं, तिथं महाराजांनी महाल बांधायला घेतला, दोन्हीवर बोलायला संध्याकाळ पुरत नाही. वेळ उरला तर मंडोर, मारवाडची जुनी राजधानी, नऊएक किलोमीटरवर. राजांच्या छत्र्या देवळासारख्या बांधल्यात आणि माणसं कमी असतात.

खायचं म्हणाल तर घंटाघराजवळ मिरची वडा, प्याज कचोरी, माव्याची कचोरी आणि माखनिया लस्सी. आपल्यासारख्या तांबडा-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसानं जोधपुरात लाल मांस, म्हणजे मटणाचा लाल रस्सा, खाल्ल्याशिवाय निघू नये. जोधपूरजवळच्या मथानिया गावची मिरची त्यात घालतात, रंग भडक आणि तिखटपणा सोसवेल एवढाच. घरी न्यायला ती मिरची जरूर विकत घ्या.

जैसलमेर : इथं घाई करायची नाही

जोधपूरहून जैसलमेर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, गाडीनं किंवा रेल्वेनं पाचसहा तास. स्टेशनवर उतरलं की हॉटेलचे एजंट घेरतात. खोली अगदी स्वस्तात देतो म्हणणारा बऱ्याचदा नंतर सफारीसाठी मागं लागतो, तेव्हा खोली आधीच बुक करा आणि सफारीचं वेगळं ठरवतो म्हणून स्पष्ट सांगा.

रावळ जैसलनं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. पिवळा वालुकाश्म, ९९ बुरूज, आणि आत आजही हजारो लोक राहतात, पिढ्यान् पिढ्या, दारात स्कूटर, खिडकीत वाळत घातलेले कपडे. २०१३ मध्ये राजस्थानातल्या इतर पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या यादीत गेला.

आता एक कळकळीचं सांगणं. किल्ल्याच्या आत हॉटेलं आहेत, फोटो सुंदर असतात, तिथं राहायचा मोह होतो. राहू नका. हा किल्ला बांधला तेव्हा माणसं तलावावरनं घागरीनं पाणी आणत, सांडपाणी नावाचं फार काही नव्हतंच. नंतर नळ आले, पर्यटक आले, प्रत्येक खोलीला बाथरूम आली, आणि ते सगळं पाणी खालच्या मऊ दगडमातीत मुरायला लागलं. टेकडी आतनं भिजते, काही बुरूज ढासळलेत. पाण्याच्या टंचाईत सातआठशे वर्षं उभा राहिलेला किल्ला पाण्यानंच खचतोय. आपण बाहेर, किल्ला समोर दिसेल असं हॉटेल घ्यावं, आत दिवसा जाऊन फिरावं, दुकानात खरेदी करावी, चहा घ्यावा, म्हणजे तिथल्या लोकांचं पोटही चालतं.

पहिली सकाळ किल्ल्याला. अखैपोळ, सूरजपोळ, गणेशपोळ, हवापोळ असे चार दरवाजे पार करून दसरा चौकात पोचायचं. हवापोळीत दोन मिनिटं दगडावर बसा, भर दुपारी सुद्धा तिथं गार वारा असतो, गावातली म्हातारी माणसं तिथंच गप्पा मारत बसलेली असतात. जैन मंदिरं सकाळीच करून घ्या, पर्यटकांना आत सोडायची वेळ मर्यादित असते. चामड्याचं काही आत चालत नाही, पट्टा, पाकीट, पर्स सगळं बाहेर. आणि आपल्या कोल्हापुरी चपला या ट्रीपला घरीच ठेवा, किल्ल्यातले दगड घासून इतके गुळगुळीत झालेत की चांगल्या सोलचे बूटच हवेत.

संध्याकाळ हवेल्यांना. पटवों की हवेली म्हणजे एक नव्हे, पाच हवेल्यांचा समूह, पहिली १८०५ मध्ये सुरू झाली. पटवा मंडळी जरीचा आणि सराफीचा व्यापार करायची, उंटांच्या तांड्यांवर पैसा आला आणि तो असा दगडात उतरला. पण माझी आवडती नथमल की हवेली, १८८५ ची. दोन भावांनी, हाथी आणि लालू, एकानं डावी बाजू आणि एकानं उजवी बाजू घडवली असं सांगतात. समोर रस्त्याच्या पलीकडं उभं राहा आणि एक खिडकी डावीकडची, एक उजवीकडची अशी जोडीनं बघत वर जा. लांबून दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. जवळनं बघितलं की एकीकडं वेल आहे तिथं दुसरीकडं फूल, कोरीव पट्ट्या वेगळ्या, आणि तरी तोल कुठं बिघडत नाही. पोरांना फरक शोधायला लावा, तासभर हलणार नाहीत.

गडीसर तलावावर सूर्योदयाला जावा. नळ येईपर्यंत या शहराचं पिण्याचं पाणी हेच. वाटेतल्या दरवाज्याला टीलों की पोळ म्हणतात. टीलों नावाच्या एका गणिकेनं तो बांधला, राजघराण्यानं विरोध केला, तर तिनं वर देऊळ बसवलं म्हणजे पाडता येऊ नये, अशी गोष्ट लोक सांगतात. पाण्याला जाणारी प्रत्येक बाई याच दरवाज्याखालनं जायची, हे लक्षात घेऊन बघा त्याच्याकडं.

तिसरा दिवस बाहेर. कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं गाव, सगळे तिथं भुताच्या गोष्टी ऐकायला जातात. त्यापेक्षा हे विचारा की एवढ्या कोरड्या जागेत हे लोक शेती कशी करायचे. त्यांची खडीन नावाची पद्धत होती, उताराच्या तळाशी मातीचा बांध घालायचा, पावसाचं वाहतं पाणी शेतात अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. अशी खडीनं जैसलमेरकडं आजही पिकतात. आपल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या शेतकऱ्यानं तर हे मुद्दाम बघावं.

वाळूसाठी सम किंवा खुरी. समला, जैसलमेरपासून चाळीसएक किलोमीटर, टेकड्या मोठ्या पण जीप, डीजे, तंबूंची गर्दी फार. खुरी शांत, टेकड्या लहान, माझी पसंती खुरीला. कॅम्प ठरवताना उंटाची फेरी, जीप, जेवण, नाच-गाणं यातलं काय काय पैशात धरलंय ते फोनवर मेसेज करून लेखी घ्या, म्हणजे तिथं गेल्यावर वाद नको. उंट उठताना आधी मागनं उठतो, तेव्हा खोगिराला धरून मागं रेलायचं, घरच्या आजींना हे आधी सांगून ठेवा. पाकिस्तान सीमेकडचं तनोट-लोंगेवाला करायचं असेल तर तो वेगळा पूर्ण दिवस, एका बाजूनं सव्वाशेएक किलोमीटर. ओळखपत्र सगळ्यांचं बरोबर ठेवा, आणि तनोटच्या पुढं थेट सीमेपर्यंत जायला बीएसएफची परवानगी लागते.

जेवणात केर-सांगरी नक्की मागवा. झुडपाची फळं आणि खेजडीच्या झाडाच्या शेंगा वाळवून ठेवलेल्या, पाऊस नाही झाला तरी मिळणारी भाजी. बरोबर बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, आपल्या तोंडाला लगेच रुचतं.

बिकानेरला जाताना आणि बिकानेरमध्ये

जैसलमेर-बिकानेर साधारण ३३० किलोमीटर, गाडी करूनच जावा म्हणजे वाटेत थांबता येतं. पोखरण, रामदेवरा करत फलोदीजवळ खीचनला पोचा. थंडीत तिथं हजारो कुरजां, म्हणजे क्रौंच पक्षी, मध्य आशियाकडनं येतात. गावकरी त्यांना सकाळी धान्य घालतात, दुपारी ते तलावाकाठी असतात. कुणी सांगितलं नाही तर गाडी सरळ पुढं निघून जाते, म्हणून ड्रायव्हरला सकाळीच सांगून ठेवा.

बिकानेर जोधाच्याच मुलानं, राव बिकानं १४८८ मध्ये वसवलं. जुनागड किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर, भोवती खंदक. १५८९ ते १५९४ या काळात रायसिंहांनी बांधला, हे अकबराच्या दरबारातले मोठे सरदार. अनुपमहालातलं सोन्याचं काम बघून डोळे दिपतात, पण तुम्ही बादलमहालात जास्त वेळ थांबा. भिंतीभर निळे-काळे ढग रंगवलेत, त्यातनं वीज चमकते, खाली पावसाच्या रेघा. इथल्या राजघराण्यातल्या पोरांना पाऊस काय असतो ते कळावं म्हणून, असं गाईड सांगतात. आषाढात सलग आठवडा सूर्य न बघणाऱ्या कोल्हापूरकरानं त्या खोलीत उभं राहणं हा वेगळाच अनुभव आहे.

रामपुरिया हवेल्यांच्या गल्लीत सकाळी चालत फिरा, रिक्षानं नको, तांबडा दगड जवळनंच बघायचा. भांडासर जैन मंदिराच्या पायाभरणीत पाण्याऐवजी तूप ओतलं अशी दंतकथा आहे, आतली चित्रं सुंदर आहेत. देशनोकचं करणीमाता मंदिर ३० किलोमीटरवर, उंदीर अंगावरनं पळतात, अनवाणी जायला लागतं, तेव्हा जुने मोजे घाला आणि बाहेर येऊन टाकून द्या. ज्याला किळस येते त्यानं बाहेर थांबावं, जबरदस्ती करू नका.

खरेदीला भुजिया. बिकानेरी भुजिया मटकीच्या पिठाची असते, आपल्या मिसळीतली तीच मटकी, आणि २०१० पासून तिला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) आहे. जुन्या बाजारात कढईतनं काढलेली गरम चाखून मग पॅक करून घ्या, मोठ्या पिशवीपेक्षा अर्ध्या किलोची चारसहा पाकिटं बरी, प्रवासात फुटत नाहीत आणि वाटायलाही सोपी.

परतीला बिकानेरहून मुंबईची रणकपूर एक्स्प्रेस आहे. मुंबईला पोचून रात्रीची महालक्ष्मी पकडायची तर मधे निदान चारपाच तास हातात ठेवा, आणि ती दोन्ही तिकिटं जातानाच्या तिकिटांबरोबरच काढून ठेवा, सीझनला बिकानेरहून ऐनवेळी बर्थ मिळणं अवघड जातं.